स्तोत्र ८८, कलम ८८

मराठी ख्रिस्ती घरात भिंतीवर बायबलचं वचन नाही, असं सहसा होत नाही. कुठे लाकडी चौकटीत, कुठे भरतकाम करून, कुठे नाताळात मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, मिळालेल्या कॅलेंडरवर. वचनं मात्र फिरून फिरून तीच. स्तोत्र २३ असतंच. आणि नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायातलं हे असतं: ‘सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर, कारण त्यात जीवनाचा उगम आहे.’ आमच्या घरी ते फ्रिजच्या वर आहे. दुधाची पिशवी काढताना रोज डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे वर्षानुवर्षं न वाचताच पाहिलं गेलं.

संडेस्कूलमध्ये हे वचन पाठ करून घेताना बाईंनी अर्थ सांगितला होता तो सोपा होता. वाईट सिनेमे पाहू नका, वाईट संगत धरू नका, कुणी शिव्या देत असेल तर तिथून निघून या. म्हणजे अंतःकरण ही एक खोली आणि आपण तिला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचायची. लहान मुलांना एवढं पुरतं. पण नीतिसूत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या शलमोनाचं पुढे काय झालं ते पाहा. सातशे राण्या, तीनशे उपपत्नी, आणि म्हातारपणी त्याचं मन दुसऱ्या दैवतांकडे वळलं. १ राजे ११ मध्ये स्वच्छ लिहिलंय. सांगणाऱ्यालाच साधलं नाही, ही गोष्ट बायबलनं लपवून ठेवलेली नाही. मला यात नेहमीच थोडा दिलासा वाटत आलाय.

आमच्यावर जे आलं ते तसं मोठं संकट म्हणता येणार नाही. कुणी गेलं नाही, कुणी अंथरुणाला खिळलं नाही. पैसे अडकले. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. मी सिस्टर होते. म्हणजे नर्स, नन नव्हे, आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आम्ही नगरचे. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं. ह्यांचे फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे आणि माझी थोडी शिल्लक असं मिळून आम्ही एका पतसंस्थेत मुदतठेवीत ठेवलं. राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा व्याज थोडं जास्त, शाखा घरापासून चालत जाण्यासारखी, आणि तिथले पिग्मी एजंट आमच्याच मंडळीतले. त्यांना मी मामा म्हणते. नात्याने नाही, माझ्या आईच्या गावचे म्हणून. रोज दिवेलागणीला ते पिग्मीचं मशीन घेऊन गल्लीत यायचे. भाजीवाली, टेलर, पंक्चरवाला, सगळ्यांकडून दहा-वीस-पन्नास गोळा करायचे. पावती फाडता फाडता, ‘बाई, साहेबांची साखर काय म्हणतेय?’ असं हमखास विचारायचे.

आधी व्याज उशिरा जमा व्हायला लागलं. मग ‘मॅनेजर साहेब मीटिंगला गेलेत’ सुरू झालं. मग काचेवर कागद लागला, आठवड्याला अमुक रकमेच्या वर मिळणार नाहीत. मग शटर अर्धं खाली. मग पूर्ण.

बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पासून ती मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेला नाही. पाटीवर ‘सहकारी’ आणि ‘मर्यादित’ हे शब्द दोन्हीकडे असतात, काउंटर सारखाच असतो, पासबुकाचा रंगसुद्धा सारखा, आणि हा फरक बहुतेक ठेवीदारांना शटर पडल्यावरच समजतो. त्यानंतर घरात एक नवीनच भाषा आली. प्रशासक. अवसायक. उपनिबंधक कार्यालय. आर्थिक गुन्हे शाखा. एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा. आणि ‘८८ ची चौकशी’, म्हणजे सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित करणं. ठेवीदारांच्या मीटिंगमध्ये सत्तरीच्या आजीबाईसुद्धा ‘अठ्ठ्याऐंशी कुठवर आलं?’ असं विचारायला लागल्या.

बाहेर हे चाललं होतं. आत जे चाललं होतं त्याची फाइल कुणी मागत नव्हतं.

नाईट ड्यूटीनं माझी झोप पहिल्यापासूनच तुटक. रात्री दोनच्या पुढे जाग यायची आणि डोक्यात कोर्ट भरायचं. अध्यक्षांना पिंजऱ्यात उभं करायचं, संचालकांची एकेक करून उलटतपासणी घ्यायची. त्यांच्या बंगल्याचे मजले मोजायचे, त्यांच्या सुनेच्या हातातल्या बांगड्या मोजायच्या. दिवसा मला चार लोकांत बोलायला सुचत नाही, पण रात्री माझ्या तोंडून असे काही सवाल निघायचे की भल्या वकिलानं वही काढावी. शेवटी पिंजऱ्यात मामा यायचे. ते रोज यायचे. अध्यक्षांना मी आयुष्यात एकदा लांबून पाहिलेलं, त्यामुळे त्यांचा राग येऊन येऊन किती येणार? मामांचा आवाज मला पाठ होता.

ह्यांनी हे सगळं कसं घेतलं, ते मला अजून नीट उलगडलेलं नाही. ते फारसं बोलले नाहीत. सकाळी फिरायला जात राहिले, घरातला प्रत्येक पंखा उघडून तेलपाणी केलं, गरज नसलेलेसुद्धा. एकदा मी चिडून विचारलं, ‘तुम्हाला काहीच वाटत नाही का?’ तर म्हणाले, ‘वाटतंय ना. म्हणून तर पंखा उघडलाय.’

ठेवीदारांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी त्यावर गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ, दुपारपासून शिव्याशाप. कुणाच्या सात पिढ्यांचं वाटोळं व्हावं, कुणाला किडे पडावेत. पहिल्या दिवशी मला ते वाचवलं नाही. काही महिन्यांनी मी त्याची वाट पाहायला लागले. कुणी चांगला सणसणीत शाप लिहिला की छातीत गार वाटायचं. मला भीती वाटली ती या गारव्याची.

सर्जिकल वॉर्डात मी बरीच वर्षं काढली. गळू झालेला पेशंट आला की डॉक्टर चीर देतात, पू काढून टाकतात, आणि जखम शिवत नाहीत. नातेवाईक हमखास घाबरतात. एवढी मोठी उघडी ठेवलीय, टाके का नाही घातले? पण ती वरून शिवली तर आत पुन्हा पू धरतो. वरची कातडी छान जुळलेली दिसते आणि खाली सगळं नासत जातं. म्हणून तिच्यात गॉज भरायचा, रोज ड्रेसिंग करायचं, रोज दुखवायचं; जखम तळापासून भरत वर आली पाहिजे. दुःखाचंही तसंच आहे, हे मला वॉर्डात असताना सुचलं नव्हतं. आता मंडळीत सांत्वन करणारे लोक भेटायला लागल्यावर सुचलं. कारण त्यातल्या बहुतेकांच्या हातात सुईदोरा होता.

‘सिस्टर, आभार माना. देवानं नेलं म्हणजे दुप्पट देणार. ईयोबाला दिलं की नाही?’ ईयोब म्हणजे बायबलमधला तो माणूस, ज्याची मुलं-गुरं सगळं गेलं. त्याला दिलं. मेंढरं, उंट, बैल दुप्पट दिले. पण जी मुलं गेली ती काही परत आली नाहीत, आणि त्या दुपटीआधी ईयोब तीसेक अध्याय देवाशी वाद घालतो. त्याचे मित्र मात्र सुरुवातीपासून अगदी सुबक, व्यवस्थित बोलत असतात. शेवटी देव काय म्हणतो? की माझा सेवक ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. हा अध्याय आमच्याकडे साक्षीच्या वेळी कुणी वाचत नाही.

दुसरं वचन तर इतकं ठरलेलं होतं की मला आधीच पाठ झालं. पृथ्वीवर आपल्यासाठी संपत्ती साठवू नका. तिथे कसर व जंग खाऊन नाश करतात आणि चोर घर फोडून चोरी करतात. मत्तय सहावा अध्याय. वचनाबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते प्रभूचं आहे. पण ज्याचे पैसे गेलेत त्याला ते ऐकवणं फार सोपं असतं. पैसे असणाऱ्याला, नवीन गाडी घेऊन चर्चच्या आवारात लावणाऱ्याला, कुणी ते ऐकवताना मी पाहिलेलं नाही.

याच काळात मी स्तोत्रसंहिता नव्यानं वाचायला घेतली. भक्ती उफाळून आली म्हणून नव्हे. रात्री दोनला करायचं काय, म्हणून. आमच्या उपासनेत स्तोत्रं ठराविकच येतात. २३, १००, १०३, १२१. जी येत नाहीत ती वाचली. तेराव्यात दावीद देवाला विचारतो, कुठवर? मला कायमचा विसरणार आहेस का? बेचाळिसाव्यात स्तोत्र लिहिणारा स्वतःलाच विचारतो, हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? आणि अठ्ठ्याऐंशीवं तर संपतंच अंधारावर. बाकीची बहुतेक तक्रारीची स्तोत्रं शेवटी थोडी तरी वळण घेतात, ‘तरी मी त्याचे स्तवन करीन’ असं काहीतरी येतं. हे वळत नाही. ओळखीचे सगळे दूर गेले, उरला अंधार, आणि तिथेच खलास. स्तोत्र ८८ आणि कलम ८८. दोन्हीकडे निकाल लागलेला नाही, असं मी ह्यांना सांगितलं, तेव्हा शटर पडल्यापासून ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

आणि हे स्तोत्र बायबलमध्ये आहे. कुणीतरी ते निवडून ठेवलं, पिढ्यान्‌पिढ्या मंदिरात म्हटलं. म्हणजे असं बोलायला देवासमोर परवानगी आहे. मला तर वाटतं, तिथे ते बोलता आलं नाही तर माणूस ते दुसरीकडे कुठेतरी बोलतो. ग्रुपवर, जेवताना नवऱ्याला, फोनवर बहिणीला, आणि रात्री भरलेल्या कोर्टात.

योहानाच्या शुभवर्तमानात एक जागा आहे. मी ती आयुष्यभर वाचत आले आणि शेजारशेजारची दोन पानं जोडून कधी पाहिली नव्हती. चौदाव्या अध्यायाच्या सुरुवातीला येशू म्हणतो, ‘तुमचे अंतःकरण अस्वस्थ होऊ नये.’ आमच्या निम्म्या अंत्यविधींत हे वाचतात. पण त्याच रात्री, त्याच जेवणाच्या वेळी, तेराव्या अध्यायात लिहिलंय की येशू स्वतः आत्म्यात व्याकूळ झाला. शिष्यांपैकी एक जण त्याला धरून देणार होता. त्याआधी लाजरच्या कबरेपाशी तो रडला, आणि त्यानंतर गेथशेमाने बागेत तर त्यानं मित्रांना सरळ सांगितलं की माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, माझ्याबरोबर जागे राहा. तर ‘अस्वस्थ होऊ नका’ असं सांगणारा हा माणूस आत काही न शिरलेला, कोरडा, शांत चेहऱ्याचा नव्हता. भिंतीवरच्या चित्रात मात्र आपण त्याला तसाच रंगवलाय.

मग राखायचं तरी काय, आणि कुणापासून?

या प्रश्नाशी मला पंडिता रमाबाईंची फार आठवण येते. आमच्या मंडळ्यांत त्यांचं नाव इतक्या आदरानं घेतात की त्यांना काही दुखलं असेल असं वाटूच नये. पण त्यांची यादी वाचा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई, मोठी बहीण, सगळे उपासमारीनं गेले. उरलेल्या भावाबरोबर देशभर पायपीट करत त्या कलकत्त्याला पोचल्या. तो भाऊ १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. पदरात वर्षाचीही न झालेली मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, डॉक्टर व्हायचं म्हणून. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीनं तिथेच आत्महत्या केली. आणि ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरकीही राहिली. त्यांचा बाप्तिस्मा त्याच वर्षी, २९ सप्टेंबरला, वाँटेजला झाला. म्हणजे दुःख संपल्यावर विश्वास आला असं काही तिथे घडलेलं नाही.

मला त्यांच्या आयुष्यातल्या दोन-तीन गोष्टी सारख्या खुणावतात. एक म्हणजे त्यांनी आपलं अंतःकरण आपल्याच लोकांपासूनही राखलं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन त्यांच्या गुरू, मुलीच्याही पालक. पण चर्चचे आहेत म्हणून सगळे सिद्धान्त मान खाली घालून मान्य करायचे, हे त्यांनी पत्रांतून ठामपणे नाकारलं. माझी सदसद्विवेकबुद्धी मी मोठ्या कष्टानं मोकळी केलीय, ती आता पुन्हा दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही, असा एकूण सूर. आज एखाद्या बाईनं पाळक साहेबांना असं पत्र लिहिलं तर तिच्यासाठी विशेष प्रार्थना ठेवतील.

दुसरी गोष्ट पुण्यातली. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला आलं. तिथे रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करायच्या, दार उघडं ठेवून. कुणाला बोलावायच्या नाहीत, कुणी येऊन बसलं तर उठवायच्या नाहीत. यावरून १८९३ मध्ये गहजब झाला. पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांसारखी माणसं बाहेर पडली, ‘केसरी’नं झोडपलं. इतिहासात कोण किती बरोबर, हा वाद मी इथे घालत नाही. दोन्ही बाजूंना आपापल्या भीती होत्या. मला त्या दाराचं कौतुक वाटतं. एवढं सोसलेल्या बाईनं ते लावून घेतलं असतं तर कुणाची काही तक्रार नसती. तिनं ते ना लावलं, ना कुणाला ओढून आत घेतलं.

आणि राखलेलं अंतःकरण म्हणजे गप्प बसलेलं तोंड नव्हे, हेही त्यांच्याकडे पाहून कळतं. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी व्यवस्थेत आपल्या मुलींची आबाळ झाली तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात सरकारवर खरमरीत पत्र लिहिलं. त्याच सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली घेऊन त्या केडगावला गेल्या. आमच्या नगरला चिकटून जे केडगाव आहे ते नव्हे. हे दौंडजवळचं, सोलापूर लाइनवरचं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं, छापखाना उभा राहिला, आणि मूळ हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एवढ्या मरणांतून वाचलेली ती एकुलती एक मुलगी. संस्था तीच पुढे चालवणार होती. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मधले आठ-नऊ महिने त्या बायबलच्या कामाला बसल्या आणि ते पुरं केलं. या महिन्यांत त्यांना रात्री झोप लागत होती का, हे कुठल्याही चरित्रापेक्षा मला त्यांच्याच तोंडून ऐकायला आवडलं असतं. ज्या ओळीपाशी ‘स्तोत्र ८८’ आलं असेल, तिथे त्या किती वेळ थांबल्या असतील?

प्रेषित पौलाकडे मी सगळ्यांत शेवटी आले, कारण त्याचं ते वचन मला चिडवायचं. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय: ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.’ अरे, असं कसं? पण हे पत्र कैदेतून लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्याच्या भोवती शिपाई आहेत. ज्यांना लिहिलंय ते फिलिप्पै शहर ही रोमची वसाहत. निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली. पहारा काय असतो हे लिहिणाऱ्यालाही माहीत आणि वाचणाऱ्यांनाही. त्यांना पौल सांगतो की देवाची शांती तुमची अंतःकरणं आणि तुमचे विचार राखील. नीतिसूत्रांत पहाऱ्याची ड्यूटी माझी होती. इथे ती काढून दुसऱ्या कुणाला दिलीय. मला फक्त एक काम उरतं, आपली मागणी कळवायची. त्यामुळे मी प्रार्थनेत ‘प्रभू, तुझी इच्छा’ असं गुळमुळीत म्हणणं सोडलं. ठेव पावतीचा नंबर, रक्कम, मुदत संपल्याची तारीख, सगळं सांगायला लागले. मामांचं नाव घेऊन काय वाटतं तेही. उपनिबंधक कार्यालयात अर्ज देतात तशी प्रार्थना. फक्त इथे पोच मिळत नाही.

याच फिलिप्पैमध्ये पौल आणि सीला यांना आधी फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात आहे. मध्यरात्री ते खोड्यात पाय अडकलेले असताना गाणी म्हणत होते, हे आम्ही दर वर्षी ऐकतो. सकाळचा भाग कुणी सांगत नाही. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, सोडलंय, गुपचूप जा. तर पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत फटके मारले, आणि आता गुपचूप घालवता? ते चालायचं नाही. त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले. लूकच्या अठराव्या अध्यायातली ती विधवा तर अन्यायी न्यायाधीशाच्या दारात हेलपाटे घालघालून त्याला हैराण करते, आणि येशू तिचं उदाहरण देतो ते प्रार्थनेसाठी. म्हणून ठेवीदारांच्या मोर्च्याला गेले की ‘सिस्टर, विश्वासणाऱ्यांनी हे करावं का?’ असं विचारणाऱ्यांना मी हे दोन संदर्भ देते आणि पुढे चालू लागते.

राहिले मामा. शटर पडल्यापासून ते चर्चमध्ये आपली नेहमीची जागा सोडून मागे, चपलांजवळच्या बाकावर बसायचे आणि आशीर्वादाच्या आधी उठून जायचे. त्यांच्या घरासमोर लोकांनी आरडाओरडा केलेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. मत्तयात आहे, वेदीपाशी अर्पण आणलं आणि आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. इथे तर उलटं होतं. माझ्याच मनात त्यांच्याविरुद्ध होतं. तरी एका पहिल्या रविवारी मी पुढच्या बाकावरून उठले आणि मागे त्यांच्याशेजारी जाऊन बसले. क्षमा करायला म्हणून नाही. एक विचारायचं होतं.

‘मामा, तुमचे किती अडकलेत?’

त्यांनी गीतांचं पुस्तक बंद केलं. ‘पोरीच्या लग्नाचे. आणि मेव्हण्याचे. तो बोलत नाही आता.’ मग म्हणाले, ‘हे विचारलं नाही बाई कुणी आजवर.’

‘आणि तुम्हाला माहीत होतं?’

पुढे गीत सुरू झालं होतं. त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. ‘शेवटी शेवटी शंका आली होती. वरनं सांगितलं, गोळा करत राहा, होईल सगळं सुरळीत. मी करत राहिलो.’

मी ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही. ते म्हणायला नकोच होतं असं मला आजही वाटतं. जायला दिलं असतं तर ते दोघांच्याही आत कुजत राहिलं असतं. मी म्हटलं, ‘मामा, हे मला फार लागलंय.’ ते म्हणाले, ‘तुम्ही येऊन भांडला असता तरी बरं झालं असतं.’ भाकर आणि द्राक्षरस मागच्या बाकापर्यंत यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात आम्ही आणखी काही बोललो नाही. त्या दिवशी ते आशीर्वादापर्यंत थांबले.

इब्रीकरांच्या पत्रात कडूपणाच्या मुळाबद्दल लिहिलंय, ते वर येऊन पुष्कळांना बाधतं म्हणून. माझं मूळ उपटून निघालं असं मी लिहिणार नाही. एखाद्या रात्री कोर्ट अजून भरतं. फरक एवढाच की मामांना पिंजऱ्यात उभं केलं की ते आता ‘करत राहिलो’ म्हणतात, आणि मग पुढची उलटतपासणी रंगत नाही. व्हॉट्सॲप ग्रुप मी सोडलेला नाही. तारखा तिथेच कळतात. पण दुपारनंतर तो उघडत नाही.

पैसे अजून मिळालेले नाहीत. वसुली सुरू आहे, काही मालमत्तांवर टाच आलीय, लिलावाला कुणी फिरकत नाही, असं ऐकतो. दरम्यान मामांनी जे ‘वरनं’ सांगितलं गेलं ते लिहून द्यायचं ठरवलं. कुणी, केव्हा, कुठे बसून सांगितलं, सगळं. त्यांच्या घरचे नको म्हणत होते, उगाच अंगाशी येईल म्हणून. येऊही शकतं, वकिलांनी तसं सांगितलंय. प्रतिज्ञापत्र करायच्या दिवशी त्यांनी सकाळी फोन केला, ‘बाई, एकट्यानं जायला पाय उचलत नाही.’ ह्यांनी पंख्याचं काम बाजूला ठेवलं, शर्ट बदलला, आणि आम्ही तिघं एकाच रिक्षानं निघालो. कचेरीसमोर उतरलो तेव्हा मी पर्स उघडली. मामा म्हणाले, ‘राहू द्या, मी देतो.’

त्यांच्या खिशात किती असतील याचा मला अंदाज होता. तरी मी पर्स बंद केली आणि त्यांना देऊ दिले.